लिनक्स परिचालन प्रणालीचा गाभा : दोषदुरुस्ती व परिरक्षण

संगणकाचे यंत्रभाग आणि वापरकर्त्याच्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून प्रक्रियक, स्मृती, तबकड्या व जोडसाधने यांचे वाटप व नियंत्रण करणाऱ्या आज्ञावलीसमूहास परिचालन प्रणाली म्हणतात. या प्रणालीचा सर्वांत आतला, यंत्राशी थेट संबंध ठेवणारा भाग म्हणजे गाभा किंवा कर्नल होय. लिनक्स हा असा एक गाभा असून त्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते. १९९१ पासून त्याची वाढ जगभरातील हजारो आज्ञावलीकारांच्या सहकार्याने होत आली आहे. नव्या सोयींची भर घालणे हा या कामाचा एक भाग होय. परंतु लिहिलेल्या आज्ञावलीतील दोष शोधणे, ते दुरुस्त करणे आणि जुनी आज्ञावली नव्या यंत्रांवर चालती ठेवणे हा भाग अधिक चिवट व दीर्घकाळ चालणारा असतो. पुणे येथे गाभ्याच्या दोषशोधनासंबंधी झालेले काम या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा आहे.

दोषांचे स्वरूप : सामान्य आज्ञावलीत दोष निर्माण झाल्यास तेवढीच आज्ञावली बंद पडते व परिचालन प्रणाली तिने व्यापलेली स्मृती मोकळी करून घेते. गाभ्याच्या बाबतीत असे होत नाही. गाभ्याला सर्व स्मृतीवर अधिकार असल्याने त्यातील एक चुकीचा पत्ता दुसऱ्याच एखाद्या आज्ञावलीची माहिती नष्ट करू शकतो, तबकडीवरील नोंदी बिघडवू शकतो किंवा अनधिकृत व्यक्तीस यंत्राचा ताबा मिळवून देऊ शकतो. मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरणे, ठरलेल्या मर्यादेपलीकडे लिहिणे, एकाच माहितीवर दोन प्रक्रियकांनी एकाच वेळी काम करणे आणि दोन कार्यांनी एकमेकांच्या कुलपांची वाट पाहत अडकून बसणे हे दोषांचे प्रमुख प्रकार होत. यांपैकी वेळेवर अवलंबून असणारे दोष विशेष त्रासदायक असतात. कारण तेच यंत्र तशाच स्थितीत पुन्हा चालविले, तरी दोष प्रकट होईलच असे नाही.

ऐतिहासिक आढावा : फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक परिचालन प्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील पहिल्या आवृत्तीत सु. १०,००० ओळी होत्या व ती इंटेलच्या ३८६ प्रक्रियकापुरती मर्यादित होती. १९९२ च्या प्रारंभी हा गाभा जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आला. या परवान्यामुळे आज्ञावली घेऊन तीत बदल करण्याचा अधिकार प्रत्येकास मिळाला. तसेच बदललेली आज्ञावली वितरित करताना तिचे मूळ रूप खुले ठेवण्याचे बंधनही आले. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०२५ च्या सुरुवातीस गाभ्याच्या आज्ञावलीचा विस्तार सु. ४ कोटी ओळींपर्यंत पोहोचला होता. त्याचा फार मोठा भाग निरनिराळ्या यंत्रभागांच्या चालक-आज्ञावल्यांनी व्यापलेला आहे.

प्रारंभी दुरुस्ती सुचविणारा आज्ञावलीकार जुन्या व नव्या ओळींतील फरक पत्राने पाठवीत असे. या फरकास पॅच म्हणतात. टॉरव्हाल्ड्स स्वतः तो वाचून मूळ आज्ञावलीत समाविष्ट करीत. कामाचा पसारा वाढल्यावर एकट्याने हे करणे अशक्य झाले. पॅच हरवू लागले व पाठविणारे तेच पॅच पुनःपुन्हा पाठवू लागले. २००२ मध्ये बिटकीपर ही नोंदप्रणाली स्वीकारण्यात आली. तिचा विनामूल्य वापर बंद झाल्यावर एप्रिल २००५ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी गिट ही प्रणाली स्वतः तयार केली. प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याचा अखंड वृत्तांत गिटमुळे उपलब्ध झाला. तत्पूर्वी २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आज्ञावलीच्या मालकीसंबंधी दावा दाखल केला होता. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक पॅचखाली तो पाठविण्याचा आपणास अधिकार असल्याचे सांगणारी नामोल्लेखाची ओळ देणे आवश्यक झाले.

परिरक्षणाची रचना : गाभ्याचे अनेक विभाग पाडलेले असून प्रत्येक विभागास एक किंवा अधिक परिरक्षक असतात. त्यांची सूची आज्ञावलीबरोबरच एका धारिकेत ठेवलेली असते व तीत दोन हजारांहून अधिक विभागांची नोंद आहे. पॅच प्रथम विभागाच्या परिरक्षकाकडे जातो. तेथे इतर जाणकार तो वाचतात, शंका विचारतात, सुधारणा सुचवितात. बहुतेक पॅच दोन-तीनदा लिहून काढावे लागतात. संमत झालेला पॅच परिरक्षकाच्या संग्रहातून टॉरव्हाल्ड्स यांच्या मुख्य संग्रहात जातो. नवी आवृत्ती साधारणपणे नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. त्यांपैकी पहिले दोन आठवडे नव्या गोष्टी स्वीकारण्यासाठी व उरलेले सर्व केवळ दोषदुरुस्तीसाठी राखून ठेवलेले असतात. गाभ्यातील बदलामुळे पूर्वी चालणारी वापरकर्त्याची आज्ञावली बंद पडता कामा नये, हा या कामातील सर्वांत कडक दंडक आहे. एका दोषाची दुरुस्ती करताना दुसरीकडे चालू असलेले काही बिघडल्यास ती दुरुस्तीच मागे घेतली जाते.

मार्च २००५ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन व क्रिस राइट यांनी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीवर फक्त दुरुस्त्या देणारी स्थिर शाखा सुरू केली. या शाखेत येणारा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा, त्याने प्रत्यक्ष त्रास देणारा दोष दूर व्हावा आणि तो आधी मुख्य संग्रहात गेलेला असावा, असे नियम आहेत. शेवटचा नियम विशेष महत्त्वाचा होय. तो नसता, तर जुन्या आवृत्तीतील दुरुस्ती नव्या आवृत्तीत राहून गेली असती व तोच दोष पुन्हा उद्भवला असता. काही आवृत्त्यांना दीर्घकाळ दुरुस्त्या पुरविल्या जातात. २०१७ मध्ये अशा आवृत्त्यांसाठी सहा वर्षांची मुदत जाहीर झाली होती. २०२३ मध्ये मात्र ती मूळच्या दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर करण्यात आले. मुदत वाढवावयाची की नाही, हे ती आवृत्ती वापरणाऱ्या कंपन्या परीक्षणाचा भार किती उचलतात यावर अवलंबून असते.

दोषशोधनाच्या पद्धती : गाभ्यात अनपेक्षित स्थिती निर्माण झाल्यास तो प्रक्रियकाच्या नोंदकांतील आकडे व त्या क्षणापर्यंत एकामागून एक बोलावल्या गेलेल्या कार्यांची यादी छापतो. या छापील निवेदनास ‘ऊप्स’ असे नाव रूढ झाले आहे. त्यावरून दोषाचे स्थान कळते. कारण मात्र पुष्कळदा कळत नाही. पूर्वी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडली असेल, तर मधल्या बदलांच्या यादीचे दुभाजन करतात. यादीच्या मध्यावरील स्थिती तपासून दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते ठरवितात व हीच कृती पुढे चालवितात. अशा रीतीने १०,००० बदलांमधून दोषी बदल साधारण १४ चाचण्यांत सापडतो. ही पद्धत अवलंबिण्यासाठी गाभ्याची अंतर्रचना माहीत असावी लागत नाही. चिकाटी तेवढी लागते. त्यामुळे पुष्कळ नवोदितांचा या क्षेत्रातील प्रवेश याच मार्गाने झाला आहे.

२००६ मध्ये कुलपांच्या क्रमातील चुका आपोआप दाखविणारी यंत्रणा आणि २०१५ मध्ये स्मृतीचा गैरवापर पकडणारी यंत्रणा गाभ्यात आली. गूगलने २०१७ पासून चालविलेली सिझबॉट ही प्रणाली गाभ्याला अहोरात्र चित्रविचित्र आदेश देऊन तो कोठे कोसळतो हे पाहते व सापडलेले दोष परिरक्षकांना कळविते. दोष सापडण्याचा वेग यामुळे फार वाढला. ते दुरुस्त करणाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

केजीडीबी व पुणे : चालू आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवून तिची स्मृती पाहण्याचे साधन म्हणजे दोषशोधक होय. सामान्य आज्ञावलीसाठी हे साधन त्याच यंत्रावर वापरता येते. गाभा थांबविला की कळफलक, पडदा व तबकडी यांसह सर्वच यंत्र थांबते. म्हणून गाभ्याचे निरीक्षण करण्यास दुसरे यंत्र लागते. केजीडीबी ही योजना या तत्त्वावर आधारलेली आहे. दोन संगणक अनुक्रमी तारेने जोडतात. ज्याची तपासणी करावयाची त्या गाभ्यात एक लहानसा आज्ञाखंड बसविलेला असतो. हव्या त्या ठिकाणची मूळ आज्ञा काढून तेथे थांबा दर्शविणारी आज्ञा घातली जाते. प्रक्रियक तेथे पोहोचताच हा आज्ञाखंड ताबा घेतो, इतर प्रक्रियकांना रोखून धरतो आणि दुसऱ्या यंत्रावरील जीडीबी या दोषशोधकाला नोंदक व स्मृती यांतील मजकूर कळवितो. हा मजकूर लहान लहान पुडक्यांनी जातो व प्रत्येक पुडक्याच्या शेवटी पडताळ्याची बेरीज असते. तपासणी संपल्यावर मूळ आज्ञा जागेवर ठेवून गाभा पुढे चालू केला जातो.

या आज्ञाखंडाचे मूळ रूप डेव्हिड ग्रोथ व टिग्रन ऐवाझियन यांचे होते. त्याच्या पुढील वाढीत पुण्याचा वाटा मोठा आहे. पुणे येथे व्हेरिटास सॉफ्टवेअर या कंपनीचे विकासकेंद्र होते. धारिकारचना व तबकडी-व्यवस्थापन ही या कंपनीची उत्पादने गाभ्याच्या आत राहून काम करणारी होती. अशा आज्ञावलीतील चूक म्हणजे ग्राहकाच्या साठविलेल्या माहितीचाच नाश. म्हणून गाभ्याच्या आत डोकावून पाहण्याचे साधन तेथे निकडीचे होते. केजीडीबीच्या मूळ धारिकेतील स्वामित्वनोंदीत २०००-०१ या काळासाठी व्हेरिटास, २००३-०४ साठी अमित एस. काळे आणि २००४-०६ साठी पुण्याची लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही नावे आढळतात. त्यांच्याबरोबर टाइमसिस, टॉम रिनी, पाव्हेल माखेक, विंड रिव्हर, मॉन्टाव्हिस्टा आणि रेड हॅटचे इंगो मोलनार यांचाही उल्लेख आहे. गाभ्यासोबत येणाऱ्या केजीडीबीच्या मार्गदर्शिकेतही काळे व रिनी यांचे योगदान नोंदविलेले आहे.

एवढे असूनही केजीडीबी अनेक वर्षे मुख्य संग्रहाबाहेरच राहिली. टॉरव्हाल्ड्स यांचा गाभ्यातील दोषशोधकाला तत्त्वतः विरोध होता. असे साधन हाताशी असले की, आज्ञावलीकार लक्षणांवर इलाज करतो व रचनेचा मुळापासून विचार करीत नाही, अशी त्यांची भूमिका होती व ती त्यांनी २००० मध्ये स्पष्टपणे मांडली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, दूरच्या ग्राहकाकडे किंवा अपरिचित यंत्रावर उद्भवणारा दोष केवळ मूळ आज्ञावली वाचून सापडत नाही. दोन्ही पक्षांत तथ्य होते. वादाचा निर्णय लागेपर्यंत त्याचा भार केजीडीबीच्या परिरक्षकांवर पडला. मुख्य संग्रहाबाहेरील पॅच गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आतील एखाद्या कार्याचे नाव किंवा रूप बदलले, तरी तो निरुपयोगी होतो आणि बदल करणाऱ्यास त्याची कल्पनाही नसते. शिवाय या पॅचची निरनिराळी रूपे प्रचारात आली. जॉर्ज अँझिंगर यांचे रूप अँड्रू मॉर्टन यांच्या प्रायोगिक संग्रहात होते, तर काळे यांचे रूप स्वतंत्रपणे चालू होते. ती एकत्र करण्यातही पुष्कळ श्रम खर्ची पडले.

अखेर २००८ मध्ये इंगो मोलनार यांनी या आज्ञावलीची वादग्रस्त अंगे छाटून तिचे सुटसुटीत रूप तयार केले. जेसन वेसेल यांनी तिचे परिरक्षण स्वीकारले आणि १३ जुलै २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी समाविष्ट झाली. २०१० मध्ये २.६.३५ या आवृत्तीत केडीबी हा दुसरा दोषशोधक तिला जोडण्यात आला. खुल्या आज्ञावलीच्या इतिहासात या प्रकरणास उदाहरणाचे मोल आहे. परवान्यामुळे आज्ञावली बदलण्याचा अधिकार सर्वांना मिळतो. परंतु तो बदल टिकून राहण्यासाठी तो मुख्य संग्रहात जावा लागतो आणि तेथे जाण्यासाठी तांत्रिक गुणवत्तेइतकीच समजूत पटविण्याची, काटछाट मान्य करण्याची व वाट पाहण्याची तयारी लागते.

भारतातील इतर कार्य : बंगळूर येथील आयबीएमच्या लिनक्स तंत्रकेंद्रातूनही गाभ्याच्या अंतर्भागात मोलाची भर पडली. वाचकाला कुलूप न लावता माहिती वाचू देणारी आरसीयू ही पद्धत २००२ मध्ये गाभ्यात आली. तीत पॉल मॅकेनी यांच्याबरोबर दीपंकर सरमा यांचा सहभाग होता. चालू गाभ्यात हव्या त्या ठिकाणी निरीक्षणबिंदू बसविणारी केप्रोब्ज ही योजना २००४ मध्ये व कोसळलेल्या गाभ्याची स्मृती दुसऱ्या लहान गाभ्याच्या साहाय्याने जतन करणारी केडंप ही योजना २००५ मध्ये समाविष्ट झाली. या दोन्हींत तेथील आज्ञावलीकारांचा मोठा वाटा होता. नितीन गुप्ता यांची स्मृतीतील मजकूर दाबून ठेवणारी झेडरॅम ही योजना २०१४ मध्ये प्रायोगिक अवस्थेतून बाहेर पडली. कमी स्मृतीच्या स्वस्त भ्रमणध्वनींना तिचा विशेष उपयोग होतो.

काही उल्लेखनीय दोष : २०१६ मध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून गाभ्यात होता. स्मृतीच्या पानाची प्रत काढण्याच्या क्रियेतील वेळेच्या चुकीमुळे सामान्य वापरकर्त्यास केवळ वाचण्यासाठी असलेल्या धारिकेत लिहिता येत असे. पुष्कळ डोळ्यांनी पाहिले की दोष लपत नाहीत, या खुल्या आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांच्या सिद्धांताची मर्यादा या नऊ वर्षांनी दाखवून दिली. आज्ञावली खुली असली, तरी ती बारकाईने वाचणारे नेहमीच थोडे असतात. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेले मेल्टडाउन व स्पेक्टर हे दोष तर आज्ञावलीतील नसून प्रक्रियकांच्या घडणीतील होते. यंत्र बदलणे शक्य नसल्याने त्यांचा परिहार गाभ्यातच करावा लागला व त्यासाठी काही प्रमाणात यंत्राचा वेग गमवावा लागला. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी परीक्षणाची कसोटी पाहण्यासाठी जाणूनबुजून सदोष पॅच पाठविल्याचे प्रकरण गाजले व त्या विद्यापीठाकडून आलेल्या जुन्या पॅचचीही फेरतपासणी करावी लागली.

सन २०३८ ची समस्या : जुन्या ३२ अंकस्थानांच्या यंत्रांत काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजला जातो. या मापनात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ असून ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. त्यानंतरच्या सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ मधील दिनांक दाखवितील. हा दोष दूर करणे म्हणजे गाभ्यातील काळाचा प्रत्येक उल्लेख तपासून बदलणे होय. आर्न्ड बेर्गमान यांच्या पुढाकाराने हे काम अनेक वर्षे चालले. धारिकांवरील काळाच्या नोंदी विस्तृत करणारा दीपा दिनमणी यांचा महत्त्वाचा बदल २०१८ मधील ४.१८ या आवृत्तीत आला. मार्च २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून ३२ अंकस्थानांच्या यंत्रांवरही हा गाभा २०३८ नंतर चालू शकतो. अशा कामाचा कोणताही दृश्य परिणाम नसतो. ते यशस्वी झाले, तर त्या दिवशी काहीही घडणार नाही.

दुरुस्तीचा वापरकर्त्यापर्यंतचा प्रवास : नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात, परंतु या गाभ्याचा सर्वांत मोठा प्रसार अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या द्वारे झाला आहे. मत्स्योदरी देवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले अंबड (जि. जालना) हे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. तेथील शेतकरी, व्यापारी व विद्यार्थी यांच्या अँड्रॉइड भ्रमणध्वनीत महासंगणकाचाच गाभा असतो. दुरुस्तीची वाट मात्र दोघांची सारखी नसते. मुख्य संग्रहातील दुरुस्ती प्रथम स्थिर शाखेत व तेथून गूगलच्या सामायिक गाभ्यात जाते. त्यानंतर प्रक्रियक बनविणारी कंपनी व भ्रमणध्वनी बनविणारी कंपनी यांच्या हातांखालून ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचते. या साखळीतील एका कंपनीने जुन्या नमुन्यांकडे पाहणे बंद केले की, दुरुस्ती उपलब्ध असूनही यंत्र सदोषच राहते. महासंगणकाचे व्यवस्थापक नवा गाभा स्वतः बसवू शकतात. अंबडच्या बाजारात वापरलेला भ्रमणध्वनी विकत घेणाऱ्यास बहुधा तसे करता येत नाही. पैशांचे व्यवहार भ्रमणध्वनीवरून होऊ लागल्यापासून या विषमतेस आर्थिक महत्त्व आले आहे. २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून नव्या यंत्रांसाठी कंपन्यांचे खास भाग वेगळे काढून सर्वांना एकच सर्वसाधारण गाभा देण्याची रचना लागू करण्यात आली. मुख्य संग्रहापासून दूर गेलेल्या प्रती सांभाळणे कठीण होते, हा केजीडीबीच्या प्रकरणातील अनुभव येथे फार मोठ्या प्रमाणावर आला होता.

मनुष्यबळ व भवितव्य : गाभ्याचे बहुतांश काम कंपन्यांचे वेतन घेणारे आज्ञावलीकार करतात. नव्या यंत्रभागासाठी वेतन देणाऱ्या कंपन्या अनेक असल्या, तरी जुन्या चालक-आज्ञावल्यांचे परिरक्षण व इतरांच्या पॅचचे परीक्षण यांसाठी पैसा व वेळ अपुरा पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाभ्याच्या विकासकांनी सुरक्षादोषांना अधिकृत क्रमांक देण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि त्यानंतर असे हजारो क्रमांक दिले गेले. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या दाबणी-आज्ञावलीत दडविलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांना आढळला. थकलेल्या एकट्या परिरक्षकाचा विश्वास संपादन करून तो आत शिरविण्यात आला होता. ही आज्ञावली गाभ्याबाहेरची असली, तरी परिरक्षकांची कमतरता हाच सुरक्षेचा प्रश्न आहे, हे त्यावरून दिसून आले. स्मृतीसंबंधीचे दोष मुळातच टळावेत म्हणून डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून रस्ट या भाषेला गाभ्यात प्रवेश देण्यात आला. परंतु सी भाषेतील कोट्यवधी ओळी दीर्घकाळ सांभाळाव्या लागणार आहेत.

या कामास महागडी उपकरणे लागत नाहीत. साधा संगणक, सी भाषेचे ज्ञान व नेमके इंग्रजी लिहिण्याचा सराव एवढ्यावर आरंभ करता येतो. मूळ आज्ञावली, तिच्यातील प्रत्येक बदलाचे कारण व त्यावर झालेली चर्चा सर्वांस वाचावयास उपलब्ध असल्याने लहान गावातील विद्यार्थ्यासही ती अभ्यासता येते. एका ओळीची निर्दोष दुरुस्तीही कर्त्याच्या नावासह गाभ्याच्या वृत्तांतात कायम नोंदविली जाते. केजीडीबीच्या धारिकेच्या आरंभी असलेली पुण्याची नोंद अशाच प्रकारची असून गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती जगभर जात असते.